मशीन आधीच होतं, मग कंपनी कशावर उभी राहिली?

"सर, माझं प्रॉडक्ट तर बाजारात आधीच आहे, मी वेगळं काय विकू?" हा प्रश्न सतत येतो. आज त्याचं उत्तर थेट ऑपरेशन थिएटरमधून.

आपण कागदाला पिन मारतो ना, तशाच बारीक पिना मारून आतड्याचे कापलेले भाग जोडतात. त्या उपकरणाचं नाव सर्जिकल स्टेपलर. पिनेचे पाय आत वळून इंग्रजी 'बी' अक्षरासारखा आकार होतो. जोड घट्ट बसतो, तरी बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात.

आता गंमत बघा. बुडापेस्टचे सर्जन ह्युमेर ह्युल्टल यांनी 1908 मध्येच स्टेपलर वापरला होता. पण वजन साडेतीन किलोच्या वर, आणि जोडून तयार करायला दोन तास! पुढे सोव्हिएत संघात सुटसुटीत मशिन्स बनली. अमेरिकन सर्जन मार्क रॅविच यांनी ती 1958 मध्ये तिथे पाहिली आणि अमेरिकेत नेली. तरी पिना हातानेच भरायच्या.

इथे लिऑन हर्श यांना संधी दिसली. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी पिना आधीच भरलेलं, निर्जंतुक, वापरून टाकायचं कार्ट्रिज आणलं आणि 1964 मध्ये युनायटेड स्टेट्स सर्जिकल कॉर्पोरेशन सुरू केली. सर्जनचा वेळ वाचला, आणि कार्ट्रिज संपलं की पुन्हा ऑर्डर! शिवाय मशीन कसं वापरायचं हे कंपनीची माणसं सर्जनना शिकवायची.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका. 2011 ते मार्च 2018 या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर आणि पिनांबद्दल 41,000 हून जास्त तक्रार-अहवाल आले, त्यांत 366 मृत्यूंची नोंद होती. चुकीच्या मापाची पिन किंवा न बसलेली पिन म्हणजे आतड्याला गळती. 2021 मध्ये एफडीएने नियम कडक केले. म्हणजे काम सोपं करून दिलं की जबाबदारी संपत नाही, उलट वाढते.

आजचा गृहपाठ, वहीत लिहा:
1. माझा माल वापरण्याआधी ग्राहकाला काय काय करावं लागतं?
2. त्यातलं कोणतं काम मीच करून देऊ शकतो?
3. तो चुकीचा वापरला गेला तर काय होईल, आणि हे मी त्याला सांगितलंय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा. बहुतेक जण तोच सोडून देतात!