तुकोबांचा रुपया

नांदगाव तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहताना आम्हाला रोज चिल्लर मोजावी लागते. आज त्या चिल्लरीतल्याच एका नाण्याची गोष्ट सांगतो.

मागच्या पौषात आमच्या गटातल्या एक मावशी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला गेल्या होत्या. तिथं सुट्ट्या पैशांत त्यांना एक रुपया मिळाला. त्यावर संत तुकारामांचं चित्र. मावशींनी तो देव्हाऱ्यात ठेवला. पुढं मोबाईलवर निरोप आला, 'असं नाणं असेल तर दोन लाख मिळतील.' मावशींनी फोन केला. समोरच्यानं नोंदणीचे ७५० रुपये मागितले, ते त्यांनी भाच्याकडून पाठवले. आठ दिवसांनी 'टॅक्स'चे २,५०० मागितले, तेव्हा मावशी कर्ज मागायला गटाच्या बैठकीत आल्या. कारण विचारलं, आणि सगळं बाहेर आलं.

२,५०० वाचले, ७५० गेले. मावशी म्हणाल्या, "पैशाचं सोडा, तुकोबांच्या नावानं फसले याचं वाईट वाटतं." म्हणून ही माहिती नीट समजून घेऊ.

ही नाणी कशाची?

थोर व्यक्तीची किंवा मोठ्या घटनेची आठवण म्हणून सरकार खास नाणी काढतं. त्यांना स्मारक नाणी म्हणतात. आपल्या संतकवींचा मान त्यात आहे. १९९९ साली ज्ञानेश्वर माउलींचा एक रुपया निघाला, २००२ साली तुकोबांचा. २०११ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, तेव्हा त्यांचं पाच रुपयांचं नाणं आलं. आपलं राष्ट्रगीत लिहिणारे तेच टागोर.

तुकोबांचं नाणं बचत गटाच्या बायकांना जास्त जवळचं वाटावं. त्यांच्या घरी सावकारी होती. लोकांची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात.

दोन प्रकार ओळखा

पहिला प्रकार रोजच्या वापराचा. ही नाणी बँकेतून बाजारात येतात आणि भाजीवाल्याकडेही चालतात. माउलींचा आणि तुकोबांचा रुपया असाच. त्याची किंमत एक रुपया. हौशी माणूस कोऱ्या, न झिजलेल्या नाण्याला थोडं जास्त देईल. हजारो हातांतून फिरलेल्या नाण्याला लाख रुपये कोणी देत नाही.

दुसरा प्रकार फक्त संग्रहाचा. टागोरांचं १५० रुपयांचं नाणं या प्रकारातलं. त्याचं वजन ३५ ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी आहे. अशी नाणी सरकारी टांकसाळ आधी जाहीर करून स्वतः विकते. त्यांची विक्रीची किंमत नाण्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त असते. ती चिल्लरीत येत नाहीत.

नाणं वाचायला शिका

नाण्यावरचं साल पाहा. सालाच्या खाली छोटी खूण असते. चौकटचं चिन्ह दिसलं तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात, नाणी मात्र या चार गावांत पडतात. आमच्या बैठकीत वाचायला शिकणाऱ्या बायकांना आम्ही आता नाण्यावरचंच साल वाचायला देतो. आकडे पटकन ओळखीचे होतात.

जपायचं कसं?

नाणं चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. घासलं की वरचं काम झिजतं आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. कडेला धरून उचला. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर लिहा : कोणाचं नाणं, साल, कुठं मिळालं. आणि नाणं वितळवू नका, तो कायद्यानं गुन्हा आहे.

अजून पाहायची हौस असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. गटाची सहल काढताना हे ठिकाण लक्षात ठेवा.

फसवणूक कशी टाळायची?

जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँक कुणाकडूनही फी, कमिशन किंवा टॅक्स घेत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेनं हे जाहीर सांगितलं आहे. तेव्हा एक खूण पक्की धरा : खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. ओटीपी, आधार किंवा पासबुकाचा फोटो कुणालाही पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच वेळी १९३० या नंबरवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मावशी लाजेनं आठ दिवस गप्प राहिल्या, तोवर उशीर झाला होता.

म्हणून आमच्या गटानं एक नियम केला आहे. अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याआधी गटातल्या दोघींना विचारायचं. आणि कोणी फसली तर तिला हसायचं नाही. हसलं की पुढची बाई सांगत नाही.

मावशींचा रुपया अजून देव्हाऱ्यातच आहे. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'तुकाराम महाराज, २००२, त्र्यंबकेश्वर.' अक्षर वाकडं आहे, पण त्यांचं आहे.

तुमच्या गल्ल्यातली चिल्लर आज रात्री एकदा उलटसुलट करून बघा. माउली किंवा तुकोबा भेटले तर बैठकीत नक्की दाखवा.