कायम की गुत्तिगे?

खंडेनवमीच्या सकाळी म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यांत यंत्रं बंद असतात आणि माणसं त्यांच्याभोवती गोळा झालेली असतात. दाराला केळीचे खुंट, लेथच्या चकाला हळदकुंकू, फोर्कलिफ्टच्या पात्यांना झेंडूच्या माळा. कोहळा कापून त्यात कुंकू भरतात आणि फाटकाशी फोडतात. मग चुरमुरे-डाळं, केळं आणि मिठाईचा पुडा प्रत्येकाच्या हातावर पडतो. शस्त्रपूजा आपल्याकडेही होते, पण म्हैसूरची आयुधपूजा हा कामाचा सण आहे. रिक्षा, एस.टी., शिलाई यंत्र, संगणक, न्हाव्याची कात्री, कशालाच त्या दिवशी वगळत नाहीत.

अशाच एका आयुधपूजेला मी एका तरुण कामगाराला यंत्रावरून हात फिरवताना पाहिलं. पोळ्याला आपण बैलाच्या पाठीवर हात फिरवतो, तसा. नंतर बोलताना कळलं की त्याचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि पुढच्या आयुधपूजेला तो याच यंत्रापाशी असेल की नाही, हे त्याला ठाऊक नाही. म्हैसूरच्या माणसांना आपल्या कामाबद्दल काय वाटतं याचा शोध मी तिथून घ्यायला लागलो.

कडकोळ म्हैसूरच्या दक्षिणेला, उटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वाटेत मंडकळ्ळीचा विमानतळ लागतो. १८९१ साली म्हैसूरहून नंजनगूडपर्यंत रेल्वे आली, कडकोळ हे त्या मार्गावरचं छोटं स्टेशन. पुढे कपिला नदी, नंजुंडेश्वराचं देऊळ, आणि नदीवर दळवाई देवराजाने १७३५ मध्ये बांधलेला जुना पूल. आज या पट्ट्याची ओळख कारखान्यांची आहे. कडकोळजवळ ब्यातहळ्ळीला टीव्हीएसचा दुचाकींचा कारखाना, नंजनगूडला नेस्ले, त्याच वसाहतीत औषधं, सर्किट बोर्ड आणि कितीतरी लहान-मोठे उद्योग. सकाळच्या पाळीला रस्त्याच्या कडेने ओळखपत्रं गळ्यात घातलेल्या माणसांच्या रांगा चालत असतात.

इथे राहून कानडी शिकताना एका गोष्टीने मी थक्क झालो. कामाच्या जगातले कितीतरी शब्द माझ्याच घरातले निघाले. पाळीला इथेही पाळी म्हणतात, रजेला रजे, निवृत्तिवेतनाला पिंचणी. पक्क्या नोकरीला म्हणतात खायम, म्हणजे आपलं कायम. आणि कंत्राटाला गुत्तिगे. मराठवाड्यातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको, तिथे गुत्ता आणि गुत्तेदार रोजच्या बोलण्यात आहेत. लग्नाच्या बैठकीत, बँकेत कर्ज मागताना, भाड्याने घर शोधताना म्हैसूरमध्ये पहिला प्रश्न हाच येतो: खायम की गुत्तिगे? पगाराचा आकडा त्यानंतर.

हा प्रश्न याच शहरात इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर शहराच्या घडणीत आहे. म्हैसूर हे संस्थानाने वाढवलेलं, राजाने आणि दिवाणाने नोकऱ्या दिलेलं शहर. नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या काळात १९१२ मध्ये मानंदवाडी रस्त्यावर रेशीम विणण्याचा कारखाना निघाला. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या दिवाण झाले. १९१६ मध्ये विद्यापीठ आलं, पाठोपाठ चंदनतेलाचा कारखाना. १९३७ मध्ये लाखेचा आणि रंगांचा. स्वातंत्र्यानंतर हाच धागा केंद्र सरकारने पुढे नेला: १९५० मध्ये अन्न संशोधनाची सीएफटीआरआय, पुढे अवजड यंत्रं बनवणारी बीईएमएल, १९९० च्या दशकात नोटांचा छापखाना, आणि अशोकपुरमचं रेल्वे वर्कशॉप तर आधीपासून होतंच. तीन पिढ्यांनी पाहिलं की नोकरी लागली म्हणजे ती निवृत्तीच्या वयापर्यंत असते, आणि त्यानंतर पिंचणी येते. म्हैसूरला निवृत्तांचं नंदनवन म्हणतात ते नुसत्या हवेमुळे नव्हे.

या जुन्या कारखान्यांतली माणसं कामाबद्दल कशी बोलतात, ते ऐकण्यासारखं आहे. ती पगाराबद्दल फारसं बोलत नाहीत. ती वस्तूबद्दल बोलतात. रेशीम कारखान्यातला विणकर साडीतल्या जरीबद्दल सांगतो, तिच्यातल्या चांदी-सोन्याबद्दल, साडीवर विणलेल्या क्रमांकाबद्दल. रंगांच्या कारखान्यातला माणूस सांगतो की १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशाच्या मतदारांच्या बोटाला लागणारी शाई आमच्याकडची. मराठी वाचका, तुझ्याही बोटावर तीच लागली आहे. दर निवडणुकीला टीव्हीवर नेत्यांची बोटं दिसली की त्या घरात कुणीतरी म्हणतं, ही आमची. कामाचा असा आनंद पैशाने मोजता येत नाही, पण तो टिकायला पैशाची निश्चिंती लागते. ही माणसं वस्तूबद्दल बोलू शकतात, कारण उद्याची चिंता दुसऱ्या कुणीतरी वाहिलेली असते.

वस्तूबद्दलच्या या अभिमानाचं उदाहरण म्हणून इथे प्रत्येकजण आयडियल जावाचं नाव घेतो. यादवगिरीतला तो कारखाना १९६० च्या सुमारास सुरू झाला. जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकली तिथे बनल्या. १९९६ मध्ये तो बंद पडला. जुलैमध्ये जावा-येझदी दिवस साजरा होतो, तेव्हा देखणी जुनी वाहनं रस्त्यावर येतात आणि तरुण मुलं त्यांच्याभोवती गर्दी करतात. त्या गर्दीत एखादा पिकल्या केसांचा माणूस इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत उभा असतो. कारखाना गेला, पण हाताने केलेली वस्तू तीस वर्षांनंतरही रस्त्यावर धावते, हे सुख त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही.

यादवगिरीच्या मोटारसायकलीपासून कडकोळच्या दुचाकींपर्यंत, शहराच्या मध्यातून कडेच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत काम सरकलं, आणि त्या प्रवासात कामाचा करार बदलला. हा बदल सगळ्या देशात झाला, चाकण-रांजणगावच्या वाचकाला तो नवा नाही. एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत दोन माणसं, एक खायम, एक गुत्तिगे. काम तेच, टोपीचा किंवा ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचा रोख ही प्रथा मर्यादित ठेवण्याकडे होता. प्रत्यक्षात प्रथा वाढली. मला भेटलेल्या कंत्राटी मुलांमध्ये कामाचा कंटाळा असलेला जवळजवळ कुणी नव्हता. त्यांना काम आवडतं. कित्येकजण आपल्या यंत्राचा बारीकसारीक स्वभाव सांगतात. सलतं ते वेगळं: सुपरवायझर नावाने हाक मारत नाही, गुत्तेदाराच्या नावाने मारतो. 'अमक्याचा माणूस', असं. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, श्रमाला कायक म्हटलं आणि त्याला पूजेच्या बरोबरीला बसवलं. त्या परंपरेचा सुत्तूर मठ नंजनगूड तालुक्यात, कपिलेच्या काठी आहे. ज्या मातीने श्रमाला एवढा मान दिला, तिथे माणसाचं नाव जावं, हे मला फार लागतं.

बायकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. म्हैसूरच्या वस्त्यांमध्ये उदबत्ती वळण्याचं काम पिढ्यानपिढ्या बायकांनी केलं. बांबूची काडी, मसाल्याचा गोळा, पाटावर हाताची एक सरळ फिरकी; मोबदला हजारावर. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईला ही मजुरी लगेच कळेल. घरी बसून, पोरं सांभाळत, स्वयंपाक उरकत केलेलं काम, आणि म्हणून ते 'काम' म्हणून कुणी मोजलंच नाही. आता यंत्रं काड्या वळतात. ज्या बायकांचे हात त्यात मुरले होते, त्यांच्यातल्या काही आज वास भरण्याच्या आणि पुडे बांधण्याच्या कामाला बाहेर जातात. कमाई घटली की वाढली यापेक्षा त्या दुसरंच सांगतात: आता आठ तास संपले की काम संपतं.

त्यांच्या मुली तयार कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. या योजनेवर राजकारणात पुष्कळ वाद झाला. मी फक्त सकाळच्या बसमध्ये पाहिलेलं सांगतो. खेड्यातली जी बाई पूर्वी जवळच्या शेतावर मिळेल त्या मजुरीला जायची, ती आता वीस-पंचवीस किलोमीटरवरचं काम पत्करते, कारण तिकिटाचे पैसे पगारातून वजा होत नाहीत. कामाबद्दलचं मत बदलायला कधी कधी एवढंच पुरतं. पण हे कामही हलकं बांधलेलं असतं. जून २०२० मध्ये म्हैसूरपासून जवळच श्रीरंगपट्टणला एक कपड्यांचा कारखाना बंद झाला. बाराशेहून अधिक कामगार, बहुतेक बायका, कितीतरी दिवस कारखान्यासमोर बसून राहिल्या. त्यांची मागणी कारखाना चालू ठेवा, ही होती.

२०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी म्हैसूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं, तेव्हा सत्कार शहराचा झाला. पहाटे रस्ते झाडणारे पौरकार्मिक मात्र जुलै २०२२ मध्ये राज्यभर संपावर गेले. त्यांचाही प्रश्न तोच: आम्हाला खायम करा. शहराच्या नावलौकिकाचं काम ज्यांनी हाताने केलं, त्यांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं हा अन्याय आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही.

शहराच्या उत्तरेला हेब्बाळला इन्फोसिसचा तीनशेहून अधिक एकरांचा विस्तीर्ण परिसर आहे. महाराष्ट्रातली हजारो मुलं पहिल्या नोकरीचे पहिले महिने इथे काढतात. कित्येक मराठी घरांत म्हैसूर म्हणजे मुलाचा पहिला पगार. आठवड्याला सत्तर तास काम करावं, असं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगून वाद उठवणारे नारायण मूर्ती याच शहरातल्या एनआयई महाविद्यालयात शिकले. मुलांशी बोललात तर तासांची तक्रार कमी ऐकू येते. विशी-बाविशीत तास जाणवत नाहीत. भीती परीक्षेची असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षेत नापास ठरलेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना म्हैसूरमधून घरी पाठवण्यात आलं. त्यांच्यातले काही नियुक्तीची वाट बघत सुमारे दोन वर्षं थांबलेले होते. वातानुकूलित इमारतीतला इंजिनिअर आणि कडकोळच्या पाळीवरचा मुलगा, दोघांची झोप एकाच कारणाने उडते.

अशोक रोडवरच्या सराफीच्या गल्ल्यांत मराठी कानावर पडली तर नवल वाटू देऊ नका. खानापूर, विटा, आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभर सोनं-चांदी गाळायला गेले, तसे दक्षिणेतही आले. दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसं. भट्टीची धग, आम्लाची वाफ, दिवसभर वाकलेली पाठ. त्यांना कुणी कायम केलं नाही आणि त्यांनी तशी अपेक्षाही केली नाही. स्वतःची भट्टी, हाच त्यांचा कायमपणा. तरी मुलाने याच धंद्यात यावं का, असं विचारलं तर बहुतेक नकारार्थी मान हलवतात. धुराने भरलेल्या खोलीत कमावलेल्या पैशातून त्यांनी मुलांना शिकवलं, ते त्याच खोलीत परत आणण्यासाठी नव्हे.

आणि दसऱ्याचे माहूत. दरवर्षी जंगलातल्या छावण्यांमधून हत्ती येतात, त्यांच्याबरोबर माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी, बायकापोरांसह. राजवाड्याच्या आवारात त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहतात, पोरांसाठी तिथेच शाळा भरते. ७५० किलोची सोन्याची अंबारी हत्तीच्या पाठीवर चढते, तेव्हा लाखोंची नजर अंबारीवर असते आणि माहुताची हत्तीच्या कानावर. या शहरात कामात इतका बुडालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

म्हैसूरची माणसं कामावर नाराज नाहीत. त्यांना ज्या दोरीने कामाशी बांधलंय, ती दोरी त्यांना काचते. आळशी पिढी, मोबाइलमध्ये बुडालेली पिढी, ही दोन्ही दूषणं या पट्ट्यातल्या मुलांना लावणं खोटं आहे. त्यांना यंत्र आपलं म्हणायचं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या दोन तरतुदी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. कामगाराला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एक वर्ष झालं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कागदावरचा हा हक्क मागितल्याशिवाय हाती येत नाही. दिवाळीला घरी आलेल्या मुलामुलीला पॅकेज किती, हे विचारण्याआधी त्याचं नियुक्तिपत्र मागा आणि फराळाच्या ताटाशी बसून ते दोघांनी मिळून वाचा. मुदत किती, भविष्यनिर्वाह निधी कुणाच्या नावाने कापला जातो, मालक म्हणून सही कुणाची आहे, एवढं तरी बघा. पत्रच नसेल, तर सुट्टी संपून तो कामावर परतेल त्या दिवशी त्याला ते मागायला लावा.