शब्दांचे मूळ शोधा, इंग्रजी सोपे होईल

पनवेल परिसरातली आपली कितीतरी मुले मक्तबमध्ये अरबी वाचतात आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही जातात. इंग्रजी म्हणजे नुसते पाठांतर, अशी त्यांची समजूत असते. ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणून आईही अभ्यासापासून लांब राहते. पण या अभ्यासाची किल्ली आपल्या घरातच आहे.

सज्दा, साजिद, मस्जिद हे शब्द पाहा. सीन, जीम, दाल ही तीन अक्षरे तिन्हींत आहेत. मूळ अर्थ माथा टेकणे. इल्म, आलिम, मुअल्लिम, तालीम यांचे मूळही एकच. मराठीतली पैलवानांची तालीम याच घराण्यातली! सरकारी कचेरीतले तहसील आणि महसूल हे ‘हासिल’चे भाऊबंद, मूळ अर्थ हाती येणे.

इंग्रजीतही अशी घराणी आहेत. त्यातली पुष्कळशी रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून, काही थेट तर काही फ्रेंचमार्गे आलेली. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर आपण रोज पाहतो. लॅटिनमध्ये ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे. ‘इम’ म्हणजे आत, म्हणून इम्पोर्ट. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून एक्स्पोर्ट. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, म्हणून ट्रान्सपोर्ट. ‘री’ म्हणजे परत. घडलेली हकीकत परत आणून सांगणे म्हणजे रिपोर्ट. ओझे वाहणारा तो पोर्टर.

याने स्पेलिंगही सुटते. सपोर्टमध्ये दोन ‘पी’ का? मुळात तो ‘सब’ (खालून) अधिक ‘पोर्ट’ आहे. उच्चार सोपा व्हावा म्हणून ‘बी’चा ‘पी’ झाला. हे एकदा समजले की मूल दुसरा ‘पी’ विसरत नाही.

मात्र सारखे दिसणारे सगळेच सख्खे नसतात. एअरपोर्ट आणि पासपोर्टमधला ‘पोर्ट’ हा बंदर या अर्थाच्या ‘पोर्तुस’ शब्दाचा. ‘पोर्तारे’शी त्याचे नाते दूरचे. आपल्याकडेही महसूल वसूल होतो, पण वसूलचे मूळ वेगळे: वाव, साद, लाम, म्हणजे पोहोचणे. म्हणून अंदाजावर न थांबता शब्दकोश उघडावा. इंग्रजीच्या चांगल्या शब्दकोशात शब्दाचे मूळ दिलेले असते.

घरी एक वही करा. आठवड्याला एक अरबी मूळ आणि एक लॅटिन मूळ, प्रत्येकाचे चार-पाच शब्द. पहिल्या पानावर इक्रा, कारी, कुरआन लिहा. मूळ अर्थ वाचणे, पठण करणे. समोर पोर्तारेचे शब्द. अरबी बाजू आईने किंवा दादीने सांगावी, इंग्रजी बाजू मुलाने. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही मग मुलाजवळ बसून अभ्यास घेता येईल.