बीज द्यायचं म्हणजे नेमकं काय होतं?

मागे एकदा कार्यक्रम संपता संपता आटपाडीजवळच्या एका गावातून फोन आला. बाई बचत गटातली. नाव सांगायचं नाही, हे तिनं आधीच बजावलं. म्हणाली, "ताई, ओळखीची एक बाई म्हणतीय, पुण्याला चल, बीज दे, दहा-बारा दिवसांत पैसे घेऊन परत ये. सुया टोचतात, बाकी काही नाही. घरात सांगू नको म्हणतीय. पण माझं तर ऑपरेशन झालंय, मग बीज येणार कुठनं?" डाळिंबाची बाग तेल्यानं गेलीय आणि हप्ते थकलेत, हे तिनं फोन ठेवता ठेवता सांगितलं.

तिला फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. आज सगळ्यांसाठी नीट सांगतो.

आधी ऑपरेशनचं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्या बंद करतात. पिशवी तिथंच राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे बीजकोषही तसेच राहतात. दर महिन्याला बीज पिकतं, पण नळीतून पुढं जात नाही, शरीरातच विरून जातं. त्यामुळं ऑपरेशन झालेल्या बाईचंही बीज काढता येतं. आणि बीज देणं म्हणजे पिशवी काढणं नव्हे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, तेव्हापासून काही जणी या दोन गोष्टी एकच समजतात.

बीज लागतं कुणाला? काही बायकांचं बीज कमी वयातच संपतं, काहींचं कॅन्सरच्या औषधांनी जातं. मग दुसरीचं बीज घेऊन प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बीजाशी त्याचा संयोग करतात आणि तयार झालेला गर्भ त्या बाईच्या पिशवीत ठेवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून. दुसरीच्या बीजातून बाळ होण्याची वाटही आपल्या देशात त्यांनीच दाखवली, १९९१ च्या जानेवारीत. ज्या बाईला गावानं वांझ म्हणून बारशाला बोलावलं नाही, तिच्या दृष्टीनं हे केवढं मोठं आहे ते आम्ही जाणतो. म्हणून बीज देणं वाईट, असं आम्ही म्हणणार नाही.

पण "सुया टोचतात, बाकी काही नाही" हे खोटं आहे.

सुरुवातीला रक्त तपासतात. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, शिवाय रक्त किती आहे ते. सोनोग्राफी होते. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज पोटावर इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस. एरवी महिन्याला बरीच बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पिकतं आणि बाकीची सुकतात. डाळिंबाला फूल भरपूर लागतं, पण सगळ्याचं फळ होत नाही, तसंच हे. इंजेक्शनमुळं त्या सुकणाऱ्या बीजांतली बरीचशी पिकतात. म्हणजे पुढच्या वर्षांचा साठा यात जात नाही. मधल्या दिवसांत तीन-चार वेळा सोनोग्राफी होते, तीही बहुधा अंगावरच्या वाटेनं. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाई तिथं दचकते. या दिवसांत पोट जड होतं, मळमळतं, चिडचिड होते. ऑपरेशन झालं नसेल तर नवऱ्याजवळ जायचं नाही, कारण दिवस जाण्याचा धोका असतो.

बीजं तयार झाली की शेवटचं इंजेक्शन देतात आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीज काढतात. उपाशीपोटी जायचं असतं. भूल देतात आणि योनीतून सुई घालून, सोनोग्राफीत बघत बघत बीजं ओढून घेतात. वीस-तीस मिनिटांचं काम. टाके पडत नाहीत, संध्याकाळपर्यंत घरी सोडतात. पण भूल दिलेल्या बाईनं एकटीनं एसटीत बसून यायचं नसतं. सोबत माणूस हवंच.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस आपल्या भागात सगळ्यात अवघड. बीजकोष सुजलेले असतात. सुजलेला बीजकोष आपल्याच देठावर पीळ खाऊ शकतो आणि मग तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून हंडा उचलायचा नाही, वैरणीचा भारा नाही, ऊसतोड नाही. आता सांगा, घरात न सांगता गेलेली बाई परत आल्यावर सासूला काय कारण देणार? ती दुसऱ्या दिवशी भारा डोक्यावर घेणारच.

पोटात थोडं दुखणं, जरासा डाग पडणं हे चालतं. पण पोट टम्म फुगलं, वजन भराभर वाढलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, दम लागला, ताप आला किंवा रक्त जास्त जायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असेल तर १०८ ला फोन करायचा. कधी कधी इंजेक्शनांचा जोर जास्त होतो, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत साठतं आणि जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, "माझं बीज काढलंय." ते लपवलं तर पित्ताचं औषध देऊन घरी पाठवतील.

२०१० साली मुंबईत सतरा वर्षांची, मजुरी करणारी एक मुलगी बीज काढल्यानंतर दोन दिवसांत गेली. तिचं बीज तिसऱ्यांदा काढलेलं होतं, तेही दीड वर्षाच्या आत. पुढं हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा यासाठी कायदाच नव्हता.

आता आहे. २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. बीज देणारीचं वय २३ ते ३५ हवं. आयुष्यात एकदाच देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. हा सातचा आकडा ध्यानात ठेवा, कारण जास्त बीजांसाठी जास्त औषध टोचलं की सोसावं आपल्यालाच लागतं. बीज घेणाऱ्या जोडप्यानं देणारीचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा असतो. लेखी संमती घ्यायची असते, आणि तीही सगळं समजावून. नोंद असलेल्या बीज-बँकेमार्फतच हे व्हायला हवं, तिथं आधार कार्ड स्वतःचंच लागतं. तामिळनाडूत इरोडला २०२२ साली सोळा वर्षांच्या मुलीचं वय खोट्या आधारवर वाढवून बीज काढल्याचं उघडकीला आलं होतं. पुढं जन्मणाऱ्या बाळावर देणारीचा काहीही हक्क राहत नाही, हेही मनाशी पक्कं करूनच जावं.

राहिले पैसे. बीज विकणं-विकत घेणं कायद्यानं बंद आहे. मध्यस्थ लावून बीज देणाऱ्या बायका मिळवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच ते दहा लाख दंड. म्हणजे "चल पुण्याला" म्हणणारी ओळखीची बाई मध्यस्थच झाली. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पैसा आधी हातात येतो, मग आजारी पडलं तरी "नको" म्हणता येत नाही.

फोनवाल्या ताईंना आम्ही तीन गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या. बँकेच्या नोंदणीचा दाखला दाखव, विम्याचा कागद कुणाच्या नावानं निघणार ते सांग, आणि माझ्यासोबत माझी जाऊ येईल, चालेल का? आठ दिवसांनी त्यांचा परत फोन आला. पहिल्या दोन गोष्टींवर ती बाई म्हणाली, बघू. जाऊ येणार म्हटल्यावर मात्र तिनं फोन उचलणंच बंद केलं. हप्त्याचं गटाच्या बैठकीत बोलायचं ठरलंय, आणि त्या बैठकीला आमच्यातली एक जण जाणार आहे.