गालावरचा मुरूम

भाऊबीजेला बहिणीने काय मागावे याला धरबंध नाही, हे मला मान्य आहे. माझ्या बहिणीने आजवर साडी मागितली, मिक्सर मागितला, एकदा तर "चार दिवस राहून जा" एवढाच हट्ट धरला. पण गेल्या दिवाळीत निरांजनाचे ताट हाती घेऊन ती जे बोलली, ते ऐकून मी पाटावर बसल्या बसल्याच गांगरलो.

"भाऊ, औंदा मला काही नको. पोरीच्या लेसरचे निम्मे पैसे दे."

बहीण दिली आहे सुलतानपूरला. बुलढाणा जिल्ह्यातले, लोणारपासून दहा-बारा किलोमीटरवरचे हे गाव. भाऊजींची शेती, दारात सोयाबीनची पोती. भाची एकवीस वर्षांची, नुकतीच बी. एस्सी. झालेली. तिचे गाल, कपाळ, हनुवटी लाल फोडांनी भरून गेली होती. दोन ठिकाणची मंडळी येऊन पोहे खाऊन गेली आणि "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. शहरातल्या एका ठिकाणी सहा 'सिटिंग'चे पस्तीस हजार सांगितले होते, वर शंभर टक्के गॅरंटी! सोयाबीन विकले की पैसे भरायचे, असा भाऊजींचा बेत होता.

मुरूम हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द. रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि गालावर उगवतो तोही मुरूम. भाऊजी म्हणाले, "सर, रस्त्यावर टाकायला मागितला तर भेटत नाही, अन् इथं न मागता!" आम्ही सगळे हसलो. भाची मात्र उठून आत गेली. तेव्हा माझे मलाच लाजल्यासारखे झाले. सहा महिने ती मुलगी लग्नाकार्याला गेली नव्हती, हे मला नंतर कळले.

"पैसे देतो, पण आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवू," एवढी अट मी घातली आणि दिवाळीनंतर मायलेकींना एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो. दारावरची पाटी वाचून बहीण थबकली. पाटीवर होते 'त्वचा व गुप्तरोग विभाग'! "इथं कुणी ओळखीचं भेटलं तर?" ती कुजबुजली. वाचकहो, या एका पाटीपायी किती मुली दवाखान्याऐवजी ब्यूटी पार्लरच्या पायऱ्या चढत असतील, याचा विचार तिथे प्रथमच माझ्या मनात आला.

डॉक्टरीणबाई तरुण आणि बोलक्या होत्या. दुखणे नवे नाही, हे त्यांनी आधी सांगितले. सुश्रुताने या फोडांना 'मुखदूषिका' म्हटले असून त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. तारुण्यात शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्वचेखालच्या तेलग्रंथी जोमाने कामाला लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, आत तेल साचते, त्यावर जंतू पोसतात आणि जागा सुजते. चेहरा घासघासून धुतल्याने हे थांबत नाही.

"पण मग लेसरने जंतू मरत नाहीत का?" बहिणीने विचारले.

लोणारचे नाव ऐकताच बाईंनी तिथलाच दाखला घेतला. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो प्रताप! मुरमातल्या जंतूंजवळही पॉर्फिरिन नावाचे असेच एक द्रव्य असते. सुमारे ४१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा निळा प्रकाश ते शोषून घेते आणि त्यातून निघणारा प्रखर ऑक्सिजन त्या जंतूलाच मारतो. तांबडा प्रकाश अधिक खोल जातो आणि सूज उतरवायला मदत करतो. त्वचेवर आधी औषध चोपडून मग प्रकाश देण्याचीही एक रीत आहे. तिच्यानंतर दोन दिवस उन्हापासून कडेकोट जपावे लागते. तेलग्रंथींनाच तापवणाऱ्या १,७२६ नॅनोमीटरच्या लेसरला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे.

प्रकाशाने त्वचा बरी करणे हे थोतांड नव्हेच. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पहिला लेसर मात्र थिओडोर मेमन यांनी पेटवला तो १९६० मध्ये.

"मग घ्यावा की नको?" मी मास्तरी थाटात विचारले.

"आधी नको," बाई म्हणाल्या. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ७१ चाचण्या आणि ४,२११ रुग्ण तपासून पाहिले. प्रकाशोपचार मलमांपेक्षा सरस आहेत, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा हाती आला नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये तोच सूर लावला. शिवाय निळ्या प्रकाशाने काही काळ आराम पडला, तरी तेलग्रंथी आपले काम सोडत नाहीत. आणि आपली सावळी कातडी! तिच्यावर अनाडी हाताने यंत्र फिरले तर ती भाजते आणि मुरमापेक्षा काळे डाग महिनोन्महिने राहतात. मुरूम शमल्यावर उरलेल्या खड्ड्यांसाठी मात्र लेसरचा खरा उपयोग होतो. तोही जाणकाराच्या हातून.

मग त्यांनी भाचीला एकच प्रश्न विचारला, "आतापर्यंत काय लावलंस?" तिने पर्समधून एक ट्यूब काढली. शेजारणीने सुचवलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. तिच्यात स्टिरॉइड होते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते आणि फोड दुपटीने उसळतात. पस्तीस हजारांच्या यंत्राखाली बसूनही ती ट्यूब चालूच राहिली असती!

उपचार ठरला तो अगदी साधा. ट्यूब बंद. रात्री वाटाण्याएवढे अडॅपलिन, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, उन्हात जाताना सनस्क्रीन. फोड फोडायचे नाहीत. आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. आरंभी कातडी कोरडी पडेल, चुरचुरेल, तरी घाबरायचे नाही. पाळी अनियमित असेल तर तीही तपासायची. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम बजावली. आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी गुणकारी आहे, पण गरोदरपणात पोटातल्या बाळाला भयंकर घातक. लग्न तोंडावर असलेल्या मुलीने ती डॉक्टरांना न विचारता कधीही घेऊ नये.

पहिल्या महिन्यात चेहरा जास्तच बिघडल्यासारखा झाला. बहिणीचे रोज फोन. "तुझ्या डॉक्टरीणबाईपेक्षा लेसरवाला बरा होता!" उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांवर पांढरे डाग पडले, त्या औषधाने कपड्यांचा रंग उडतो. फेब्रुवारीत नवे फोड येणे कमी झाले. एप्रिलमध्ये भाचीने चुलत बहिणीच्या लग्नात फोटो काढून घेतला आणि न सांगता मला पाठवला.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. गालांवर काही डाग आहेत, महिन्यातून एखादा फोड डोके वर काढतो. लग्नही अजून ठरलेले नाही. पण तिच्या मनात आता एम. एस्सी. आहे आणि सोयाबीनच्या पैशांतून तिची फी भरली गेली.

यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीचा विषय निघालाच. बहीण म्हणाली, "या वेळी टॉवेल आण. पांढरेच आण."