डाइव्ह कॉम्प्युटर नेमकं काय मोजतो?

चौघांचं कुटुंब स्कूबा शिकतंय. डाइव्ह कॉम्प्युटर किती घ्यायचे? माझ्या मते, प्रत्येकी एक. हे यंत्र शरीरातला नायट्रोजन मोजत नाही बरं का! मोजतं ते पाण्याचा दाब आणि वेळ. बाकी सगळं मॉडेल. 1908 मध्ये हॉल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून पाच काल्पनिक कप्पे मांडले, बुलमनच्या झेडएचएल-16 मध्ये ते सोळा झाले. आई दोन मीटर खाली असली की तिचं गणित मुलीला लागू नाही. दुसऱ्या डाइव्हला तर आधीचा उरलेला नायट्रोजनही धरायचा, म्हणून मध्येच अदलाबदल नको. अल्गोरिदम सगळ्यांचा एकच असावा. तरी आकडे वेगळे आले, तर सर्वांत सावध आकडा पाळायचा. मुलांचं सेटिंग आणखी सावध ठेवा: वाढत्या शरीरासाठी या मॉडेलमध्ये वेगळा कप्पा नाहीच.