पत्ता नको, वस्तूच द्या

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानात विकिपीडिया बंद झाला. एखाददुसरा लेख नव्हे, सगळ्या भाषांमधला अख्खा ज्ञानकोश! सरकारला हे इतकं सोपं कसं गेलं? कारण इंटरनेटवर आपण वस्तू मागतच नाही, जागा मागतो: अमुक सर्व्हरवरचं तमुक पान दे. त्या जागेची वाट अडवली की तिथलं सगळं एका झटक्यात दिसेनासं होतं.

मे महिन्यात काही प्रोग्रामरनी तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएस नावाच्या जाळ्यावर चढवली. हुआन बेनेट यांनी सुरू केलेलं हे जाळं २०१५ मध्ये खुलं झालं. इथे जागा सांगावी लागत नाही, थेट वस्तूच मागायची. ती कुणाकडे का असेना! पण अनोळखी कॉम्प्युटरवरून आलेल्या पानात कुणी फेरफार केला नाही, हे कशावरून?

खरी गंमत इथेच आहे. कोणत्याही मजकुरावर एसएचए-२५६ हे गणित चालवलं की ६४ चिन्हांचा हॅश मिळतो. रोमन लिपीतल्या ‘एबीसी’ या तीन अक्षरांचा हॅश ‘बीए७८१६’ने सुरू होतो. पुढे नुसता ‘डी’ जोडा, तो ‘८८डी४२६’ने सुरू होतो! मजकूर तीन अक्षरांचा असो वा सिनेमा तीन तासांचा, हॅश तेवढाच लांब. आयपीएफएसमध्ये वस्तूचं नाव या हॅशवरूनच ठरतं. मोठ्या फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा, मग त्या हॅशच्या यादीचाही हॅश काढायचा. हा शिरपेचातला हॅश खात्रीच्या माणसाकडून मिळाला की पुरे! तुकडा कुणीही पाठवो, तुमचा कॉम्प्युटर स्वतः हिशेब करतो. एक स्वल्पविराम जरी हलला असेल, तरी नाव जुळत नाही आणि तुकडा फेकला जातो.

ठीक, पण लाखो कॉम्प्युटरमध्ये नेमका तुकडा आहे कुणाकडे? मध्यवर्ती यादी ठेवली तर सरकार तीच बंद पाडेल. यावरची तोड पेतार मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये मांडली: कॅडेम्लिया. यात प्रत्येक कॉम्प्युटरलाही हॅशसारखाच लांबलचक क्रमांक असतो. ज्यांचे क्रमांक तुकड्याच्या हॅशच्या जवळचे, ते ‘हा तुकडा अमक्याकडे आहे’ अशी नोंद सांभाळतात. प्रत्येकाला जवळचे बरेच जण ठाऊक असतात, लांबचे थोडे. परक्या गावात घर शोधताना एसटी स्टँडवरचा माणूस आळी दाखवतो आणि आळीतला माणूस घर दाखवतो, तसाच हा शोध. दर विचारणेत उरलेलं अंतर निदान निम्मं होतं. दहा लाख कॉम्प्युटर असले तरी विसेक विचारणांत काम! आणि जाळं दुप्पट झालं तर? फक्त एक विचारणा वाढते. हे गणित कितीदाही मांडलं तरी मी थक्क होतो.

अडचणी मात्र याच गुणांच्या पोटी येतात. विकिपीडियाचा प्राण संपादनात आहे, आणि इथे एक चूक दुरुस्त केली की नावच बदलतं. म्हणून ती तुर्की प्रत वाचता येई, सुधारता येत नसे. बदलत्या मजकुराला कायमचं नाव देण्याची सोय आहे; पण त्याची किल्ली कुणाच्या तरी हाती राहते.

चढवलेलं कायम टिकतं, असंही नाही. कुणीतरी ते मुद्दाम जपावं लागतं, ‘पिन’ करावं लागतं. नाहीतर जागा मोकळी करताना पुसलं जातं. उलट, एखाद्याचा खासगी फोटो हजार जणांनी जपला, तर पुसायला सांगायचं कुणाला?

मला सगळ्यात काळजीची वाटते ती वेगळीच गोष्ट. तुम्ही कोणता तुकडा शोधता आहात, हे वाटेतल्या अनोळखी कॉम्प्युटरना दिसू शकतं. जिथे वाचण्यावरच बंदी आहे, तिथे हे भयंकर आहे. शिवाय वेगळं सॉफ्टवेअर घेण्याऐवजी पुष्कळ जण ‘गेटवे’ वेबसाइटवरून या जाळ्यात शिरतात. म्हणजे पुन्हा एक जागा, एक वाट आणि ती अडवण्याची सोय.

तुर्कस्तानातला मूळ विकिपीडिया शेवटी कोर्टामुळे उघडला. २६ डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही बंदी म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचा निकाल दिला. १५ जानेवारी २०२० पासून लोकांना लेख वाचता येऊ लागले, आणि दुरुस्तही करता येऊ लागले.